थांबण्याची जागा : जपानी व्हिडिओ गेमचा धंदा आणि घरातले खेळाचे तास

मुलांनी व्हिडिओ गेम किती वेळ खेळावा या प्रश्नाची चर्चा बहुधा मुलाचा संयम आणि आईवडिलांचा धाक या दोन टोकांमध्येच फिरत राहते. ज्याने तो खेळ घडवला त्या निर्मात्याचा यात वाटा किती, हे विचारले गेलेच तर सर्वांत शेवटी विचारले जाते. वस्तुतः खेळ कोठे थांबवता येईल, थांबवल्यास काय गमवावे लागेल आणि किती वेळ खेळले गेले याचा पत्ता घरातील इतरांना लागेल की नाही, या तिन्ही गोष्टी मुलाच्या हाती खेळ पडण्याआधीच ठरलेल्या असतात. व्हिडिओ गेमच्या व्यवसायाने जेथे घरोघरी मूळ धरले त्या जपानमध्ये या निर्णयांचा सुमारे चार दशकांचा इतिहास उपलब्ध आहे, आणि तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : निर्मात्यांनी कुटुंबांना जी मदत केली किंवा करण्याचे टाळले, ते त्यांच्या सदिच्छेपेक्षा त्यांचे उत्पन्न कशावर उभे होते यावर अधिक अवलंबून होते.

आरंभ घरात नव्हे, बाजारात झाला. १९७८ मध्ये तैतो या कंपनीने तोमोहिरो निशिकादो यांनी घडवलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ बाजारात आणला आणि थोड्याच काळात जपानमधील उपाहारगृहांत व खास उघडलेल्या खेळघरांत १०० येनचे नाणे टाकून चालणारी ही यंत्रे दिसू लागली. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे गणित सरळ होते : एका नाण्यात खेळाडू जितका लवकर हरेल तितके पुढचे नाणे लवकर पडेल, म्हणून खेळ झपाट्याने कठीण होत जाई. अशा व्यवस्थेत वेळेला खिशाचा लगाम असतो. त्यामुळे पालकांची काळजी तासांपेक्षा पैशांची आणि जागेची होती. मूल कोणाच्या संगतीत उभे आहे, नाणी कोठून आणते, हे प्रश्न पुढे आले. शासनाचे उत्तरही त्याच दिशेने गेले. सार्वजनिक नीतीवर परिणाम करणाऱ्या व्यवसायांचे नियमन करणाऱ्या कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन ही खेळघरे त्याच्या कक्षेत आली आणि फेब्रुवारी १९८५ पासून तेथे मुलांना रात्री किती वाजेपर्यंत थांबता येईल यावर बंधने लागू झाली.

दरम्यान खेळ घरात शिरला होता. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे जपानी बोलीत ‘फॅमिकॉम’, हे दूरचित्रवाणी संचाला जोडायचे यंत्र १४,८०० येनला विक्रीस आणले. यंत्र एकदा घ्यायचे आणि खेळाच्या कॅसेटी सुट्या विकत घ्यायच्या, अशी ही व्यवस्था होती. धंद्याच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ फार मोठा होता, कारण कॅसेट विकली गेल्यावर मूल ती दिवसाला अर्धा तास खेळते की पाच तास, याने निर्मात्याच्या तिजोरीत एका येनाचाही फरक पडत नव्हता. शिवाय यंत्राचे हस्तनियंत्रक आखूड तारेने त्याला कायमचे जोडलेले होते आणि संच बैठकीच्या खोलीत होता, म्हणजे मूल खेळत असताना ते घरच्यांच्या डोळ्यांसमोर असे आणि संचावर इतरांचाही हक्क असे. कुरबुरी अर्थातच होत, पण ज्या गोष्टीवरून कुरबूर करायची ती सर्वांना दिसत होती, ही पुढच्या काळात दुर्मीळ झालेली सोय होती.

याच पार्श्वभूमीवर १९८५ च्या उन्हाळ्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. साप्पोरोच्या हडसन सॉफ्ट या कंपनीने त्या वर्षी देशभर फिरणारी मुलांची खेळस्पर्धा सुरू केली आणि तिचा चेहरा म्हणून तोशियुकी ताकाहाशी या आपल्या विक्री व प्रसिद्धी विभागातील कर्मचाऱ्याला पुढे केले. ‘मेइजिन’ ही जपानी बुद्धिबळातील निष्णात खेळाडूला मिळणारी पदवी त्यांना चिकटली, सेकंदाला १६ वेळा कळ दाबण्याची त्यांची ख्याती झाली आणि ‘ताकाहाशी मेइजिन’ हे नाव शाळकरी मुलांच्या तोंडी बसले. या माणसाने क्यूशू बेटावरील एका कार्यक्रमात, मुलांच्या मागे उभ्या असलेल्या पालकांच्या देखत, मुलांना सांगितले की खेळ दिवसाला एकच तास खेळावा. खेळ विकणाऱ्या कंपनीचाच माणूस कमी खेळा असे सांगतो म्हटल्यावर व्यवसायातील अनेकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ताकाहाशी यांनी पुढे मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे कंपनीच्या संचालकांपुढे हा विषय निघाला आणि शेवटी त्या वाक्याला विरोध करण्याऐवजी ते कंपनीचे घोषवाक्य म्हणूनच स्वीकारण्याचे ठरले. कालांतराने त्याला मैदानात खेळण्याचा आणि अभ्यास करण्याचा उपदेशही जोडला गेला.

या प्रसंगाकडे निव्वळ उदारपणा म्हणून पाहणे भाबडेपणाचे होईल आणि निव्वळ जाहिरातबाजी म्हणून पाहणे अन्यायाचे. कॅसेट विकत घेण्याचा पैसा मुलाच्या नव्हे, आईच्या पाकिटातून येत होता. आईचा विश्वास टिकला तरच पुढची कॅसेट विकली जाणार होती. आणि विकल्या गेलेल्या कॅसेटवर कोणी कमी खेळले तर हडसनचे काहीच बिघडत नव्हते. थोडक्यात, कुटुंबाचे हित आणि कंपनीचा नफा त्या क्षणी एकाच बाजूला उभे होते, म्हणूनच ते वाक्य उच्चारता आले आणि टिकलेही. त्या स्पर्धेचे स्वरूपही लक्षणीय आहे : स्पर्धकाला ठरावीक मिनिटांतच जास्तीत जास्त गुण मिळवायचे असत, आणि पुढे हडसनने आपल्या काही नेमबाजीच्या खेळांत २ आणि ५ मिनिटांचे असे स्वतंत्र प्रकारच घालून दिले. संपण्याची वेळ ज्याला आधीच ठाऊक आहे असा खेळ रंगतदार होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

तथापि उपदेश करणे सोपे होते, थांबण्याची सोय घडवणे कठीण होते. आरंभीच्या बहुतेक कॅसेटींमध्ये खेळाची प्रगती साठवून ठेवण्याची व्यवस्थाच नव्हती. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ बंद केला की पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागे. जेवायला हाक आली की मुलाचे ‘आलोच’ हे उत्तर लांबत जाण्यामागे हट्टाइतकेच हे तांत्रिक कारणही होते. १९८६ मध्ये एनिक्स कंपनीच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने यावर जो तोडगा काढला तो असा की खेळाडूची स्थिती २० जपानी अक्षरांच्या एका सांकेतिक मंत्रात गुंफून पडद्यावर दाखवली जाई, मुलाने ती वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची. दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला आणि एक अक्षर चुकले की अनेक दिवसांची मेहनत वाया जाऊ लागली. १९८६ मध्येच निन्टेन्डोने ‘झेल्डा’ हा खेळ लिहिता-पुसता येणाऱ्या चुंबकीय चकतीवर आणला, आणि पुढे कॅसेटमध्येच छोटी बॅटरी बसवून प्रगती साठवण्याची पद्धत रूढ झाली. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा तिसरा भाग या पद्धतीचा होता. कौटुंबिक शिस्तीच्या इतिहासात या बॅटरीची नोंद कोणी घेत नाही, पण ‘आता बंद कर’ या आज्ञेचे पालन नुकसानीशिवाय शक्य झाले ते तिच्यामुळे. मुंबई-पुण्यात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या ज्या स्वस्त नकला आणि ‘इतक्या हजार गेम’ असे लेबल लावलेल्या कॅसेटी विकल्या गेल्या, त्यांत ही सोय क्वचितच असे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत तापलेले यंत्र तसेच चालू ठेवून जेवायला बसणारी पिढी महाराष्ट्राने त्यामुळेच पाहिली.

‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या तिसऱ्या भागाचे नाव आणखी एका कारणाने घ्यावे लागते. १० फेब्रुवारी १९८८ हा त्याच्या विक्रीचा पहिला दिवस बुधवार होता. दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या आणि त्यांत शाळा बुडवून आलेली मुले मोठ्या संख्येने होती, ज्यांतील अनेकांना पोलिसांनी हटकले. या घटनेवरून जपानच्या संसदेने असे खेळ कामाच्या दिवशी विकण्यास कायद्याने बंदी केली अशी दंतकथा जगभर पसरली, परंतु असा कोणताही कायदा झालेला नाही. घडले ते एवढेच की एनिक्सने चौथ्या भागासाठी ११ फेब्रुवारी १९९० हा दिवस निवडला, जो रविवार होता. दंतकथेपेक्षा खरी हकिकत अधिक बोधक आहे, कारण विक्रीचा वार बदलण्यात कंपनीचा एक पैसाही जात नव्हता आणि शाळा मात्र बुडत नव्हती.

खेळाच्या कथेतूनच थांबण्याची सूचना देण्याचा सर्वांत नाजूक प्रयोग लेखक शिगेसातो इतोई यांनी केला. १९९४ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘मदर २’ या खेळात नायक असलेल्या मुलाचे वडील कधीच दिसत नाहीत, ते केवळ दूरध्वनीवरून भेटतात. प्रगती साठवायची असेल तर मुलाने वडिलांना फोन करायचा असतो, आणि खेळाडू बराच वेळ सलग खेळत राहिला तर वडीलच फोन करून आता थोडी विश्रांती घ्यायला हरकत नाही असे सुचवतात. नकार देण्याची मुभा खेळाडूला असते. कामानिमित्त घराबाहेर असणारे वडील हे त्या काळच्या जपानी घराचे वास्तव होते, आणि इतोई यांनी त्या अनुपस्थितीलाच काळजीचा आवाज दिला. दंड नाही, कुलूप नाही, मुलाला मोठा समजून केलेली विनंती आहे. ही युक्ती फारशी कोणी पुढे चालवली नाही, याची खंत वाटते.

१९८९ च्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्राने खेळ बैठकीच्या खोलीतून बाहेर नेला आणि घरच्यांच्या नजरेतून तो हळूहळू सुटला. २००२ मध्ये जपानमध्ये ‘सेरो’ ही खेळांना वयोगट ठरवून देणारी संस्था स्थापन झाली, पण वयोगटाचे चिन्ह आशयाविषयी सांगते, तासांविषयी नाही; त्याचा उपयोग होता, तो मर्यादित होता.

तासांच्या प्रश्नाकडे यंत्र घडवणाऱ्यांनी थेट पाहिले ते २००६ च्या ‘वी’ या निन्टेन्डोच्या यंत्राच्या वेळी. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता आणि रचनाकार शिगेरू मियामोतो यांच्यापुढे घरातील आईला नकोसे न वाटणारे यंत्र बनवण्याचे उद्दिष्ट होते. पालकांनी ठरवलेला वेळ संपताच यंत्र आपोआप बंद व्हावे, अशी इवाता यांची मूळ कल्पना होती, हे कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या मुलाखतींतून कळते. मात्र कोणत्याही क्षणी प्रगती सुरक्षित राहील याची हमी देणे अवघड असल्याने आणि सहकाऱ्यांना ही कल्पना पटेना म्हणून वेगळा मार्ग निवडला गेला. यंत्रातील संदेशफलकावर त्या दिवशी कोणता खेळ किती मिनिटे खेळला गेला याची नोंद रोज आपोआप उमटू लागली आणि ती खेळणाऱ्याला खोडता येत नसे. बंदीऐवजी नोंद, हा फरक दिसायला किरकोळ आहे, परंतु त्यामुळे घरातील बोलणे आरोपाकडून वस्तुस्थितीकडे वळते आणि निर्णय कुटुंबाच्या हातात राहतो. मार्च २०१७ मध्ये आलेल्या ‘स्विच’ या यंत्रासोबत हीच नोंद पालकांच्या मोबाईलवर पोहोचवणारे ॲप दिले गेले. त्यात दिवसाची मर्यादा घालता येते. मर्यादा संपली की मूलतः केवळ इशारा वाजतो, आणि खेळ खरोखरच थांबवायचा असेल तर ती व्यवस्था पालकांना वेगळी निवडावी लागते. मुलाने नियम मोडला की नाही, याहून तो आपण होऊन थांबला की नाही हे पाहण्याची संधी त्यातून पालकांना मिळते.

एव्हाना व्यवसायाचा पायाच बदलला होता. २०१० नंतर मोबाईलवरील खेळ फुकट मिळू लागले आणि उत्पन्न खेळाच्या आतील खरेदीतून येऊ लागले. अशा खेळांत ‘शक्ती’ नावाचा साठा असतो, जो खेळताना संपतो आणि काही वेळाने आपोआप भरतो किंवा पैसे देऊन लगेच भरता येतो. ही रचना वरवर पाहता विश्रांती देणारी वाटते, परंतु तिचा हेतू मुलाला दिवसातून अनेक वेळा परत आणण्याचा आणि उतावळ्याला पैसे मोजायला लावण्याचा असतो. त्याच्या जोडीला ‘गाचा’, म्हणजे सोडतीसारखी पैसे देऊन अनिश्चित बक्षीस काढण्याची पद्धत, आली. सोडतीतून मिळणाऱ्या चित्रांचा पूर्ण संच जमवल्यावरच मोठे बक्षीस देणारा तिचा अतिरेकी प्रकार बेकायदा ठरतो, असे जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने मे २०१२ मध्ये स्पष्ट केले, आणि मोठ्या कंपन्यांनी तो बंद केला. अल्पवयीनांच्या मासिक खर्चावर मर्यादाही आल्या. परंतु हे सारे बाहेरून दडपण आल्यावर झाले. ताकाहाशी यांच्या काळात कमी खेळणारे मूल कंपनीला परवडत होते. आता तेच मूल तोट्याचे ठरू लागले.

शेजारच्या देशांनी कायद्याचा मार्ग धरला. चीनने २००७ पासून अल्पवयीनांसाठी अशी पद्धत लागू केली की पहिल्या ३ तासांनंतर खेळातील कमाई निम्मी व्हावी आणि ५ तासांनंतर शून्य. २०२१ मध्ये हीच मर्यादा शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढ्यावर आणली गेली. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत संगणकावरील ऑनलाईन खेळांतून बाहेर ठेवणारा कायदा केला आणि तो २०२२ च्या आरंभी रद्दही केला. याच संदर्भात अमेरिकी कंपनी ब्लिझार्डचा एक जुना अनुभव नोंदवण्याजोगा आहे : २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चाचणीत फार वेळ खेळणाऱ्याची कमाई घटवली गेली तेव्हा खेळाडू संतापले, आणि कंपनीने आकडे तेच ठेवून मांडणी उलटी केली, म्हणजे विश्रांती घेऊन परतणाऱ्याला दुप्पट कमाई असे म्हटले, तेव्हा तेच खेळाडू खूश झाले. विश्रांतीला शिक्षा न मानता बक्षीस मानण्याची ही किल्ली निर्मात्याच्या हाती असते, कायदा करणाऱ्याच्या नाही.

जपानमध्ये कायद्याचा प्रयोग एका प्रांतापुरता झाला. शिकोकू बेटावरील कागावा प्रांताने मार्च २०२० मध्ये संमत केलेल्या आणि १ एप्रिलपासून अमलात आलेल्या नियमावलीत १८ वर्षांखालील मुलांसाठी शाळेच्या दिवशी ६० मिनिटे आणि सुट्टीच्या दिवशी ९० मिनिटे ही मर्यादा सुचवली आहे. तिला दंड नाही. पालनाची जबाबदारी पालकांवर टाकलेली आहे, आणि व्यसनाला उत्तेजन देणारा आशय व पैसे आकारण्याच्या पद्धती कंपन्यांनी आपणहून आवराव्यात अशी अपेक्षा तिच्यात आहे. एका विद्यार्थ्याने व त्याच्या आईने कुटुंबाच्या निर्णयात सरकारने हात घालू नये म्हणून खटला भरला, तो ताकामात्सु जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये फेटाळला. हडसनचे एका तासाचे वाक्य ३५ वर्षांनी अशा रीतीने सरकारी कागदावर आले, मात्र ते उच्चारणारा आता खेळ विकणारा नव्हता.

भारतात हा प्रश्न तीव्र झाला तो फॅमिकॉमचा काळ उलटून गेल्यावर, स्वस्त इंटरनेट आणि ‘पब्जी मोबाईल’ यांच्यामुळे. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही या खेळाविरुद्ध याचिका आली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, पण तिचे कारण देशाची सुरक्षितता आणि माहितीची गोपनीयता हे होते, मुले नव्हती. जुलै २०२१ मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तोच खेळ नव्या नावाने भारतात आणला तेव्हा १८ वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा, खर्चावर बंधन आणि पालकांच्या मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक, अशी व्यवस्था केली. तिच्यातील उणीव उघड आहे. ज्या असंख्य घरांत आईचा किंवा आजोबांचा मोबाईल हाच मुलाचाही मोबाईल असतो, तेथे तो क्रमांक खेळणाऱ्या मुलाच्याच हातात येतो. जपानी रचनेने घरातील प्रत्येकाचे वेगळे खाते आणि पालकाचे वेगळे यंत्र गृहीत धरले होते. एका मोबाईलभोवती चालणाऱ्या घरासाठी मुलाचा खेळ आपोआप ओळखणारी, ‘वी’सारखी न पुसता येणारी नोंद दाखवणारी आणि सामना संपताच पुढचा सामना आपणहून सुरू न करणारी रचना अजून कोणत्याही मोठ्या निर्मात्याने मनावर घेतलेली दिसत नाही.

ती करू शकतील असे लोक दूर नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ही कथा एकदाच पैसे देऊन विकत घ्यायची आहे, काही तासांत ती संपते, आणि ‘स्विच’वर ती खेळली तर पालकांना तिची मिनिटे दिसतात. पुण्याच्याच सुपरगेमिंग या कंपनीचा २०२४ मधील ‘इंडस’ मात्र फुकट मिळणाऱ्या, सामन्यामागून सामना चालणाऱ्या प्रकारातला आहे. कुटुंबाच्या वेळेचा मान राखण्याची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रकारात आहे, कारण पहिल्यात ती कॅसेटच्या काळापासून फारशी अवघड नव्हती.